मिठूच्या झोपेचं पेट्रोल

करंबेळ्याच्या फाट्यावर मी गाडी वळवली तेव्हा मिठूचा एक डोळा मिटला होता आणि दुसरा अजून विचार करत होता.

मी आरशातून त्या दुसऱ्या डोळ्यावर लक्ष ठेवून होते. सहा महिन्यांची पोर, मागच्या सीटवर पट्ट्याने बांधलेल्या तिच्या खुर्चीत, मुठी हनुवटीखाली घेऊन पडलेली. गाडी जरा मंदावली की तो डोळा किलकिला व्हायचा. थांबली तर दोन्ही उघडायचे, आणि पाठोपाठ तोंडही. म्हणून मी थांबत नव्हते. फाट्यापासून नदीच्या पुलापर्यंत आणि पुलापासून परत फाट्यापर्यंत, घाण्याच्या बैलासारखी फिरत होते.

पुलाच्या अलीकडे तो डोळा एकदाचा मिटला. "झोप गं माझी बाय," मी पुटपुटले, आणि नेमका तेव्हाच समोर पिवळा दिवा लागला. पेट्रोल संपत आल्याचा.

मंगळवार होता. बुधवारी सकाळी मला शेजारच्या द्वारकाकाकूंना घेऊन रत्नागिरीला जायचं होतं. आणि टँकरवाल्यांच्या संपामुळे तालुक्यातले दोन्ही पंप रविवारपासून दोरी बांधून बंद होते. थोडा साठा होता तो रुग्णवाहिकांसाठी राखून ठेवलेला.

हे सगळं मला ठाऊक होतं. रविवारी सकाळी अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, किल्ली फिरवून काटा बघितला होता आणि अंगणातून हाक मारून सांगितलं होतं, "दर्शना, बुधवारपुरतं आहे. तोवर गाडी हलायची नाही."

"हो अण्णा," मी म्हटलं होतं.

आणि रविवारी दुपारी गाडी हलली होती. सोमवारीही हलली होती. आज तिसरा दिवस.

माझ्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच होतं, की मिठू झोपत नव्हती. पाळणा, झोळी, ओव्या, वावडिंगाचं पाणी, सगळं करून झालं होतं. नवरा योगेश कोल्हापुरात नोकरीला, शनिवारी यायचा. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घरात मी, अण्णा आणि ही मैना. एकदा तिला डोस द्यायला नेताना ती गाडीत झोपली, आणि मला जणू गुरुकिल्ली सापडली. अण्णा रोज दोन वाजता वाचनालयात जायचे, साडेचारला परतायचे. ते वळणाआड गेले की मी मिठूला खुर्चीत बांधायची आणि निघायची. ती झोपली की परत आणून, खुर्चीसकट उचलून ओसरीवर ठेवायची आणि स्वतः तिथेच फरशीवर आडवी व्हायची. एखादा तास. तेवढ्या तासावर मी बाकीचे तेवीस काढत होते.

त्या दिवशी मात्र मिठू दीड तास झोपली आणि मी पापणीही मिटली नाही. ओसरीवर बसून पिवळ्या दिव्याचा विचार करत राहिले.

द्वारकाकाकूंचा एक डोळा लहानपणीच करवंदीचा काटा लागून गेला होता. उरलेल्या एकावर त्यांनी सत्तरी गाठली, तीन मुली उजवल्या, गावभरच्या गोधड्या शिवल्या. त्या एका डोळ्यातही आता मोतीबिंदू पिकला होता. मिरजेचे एक मोठे डॉक्टर दोन महिन्यांतून एकदा रत्नागिरीच्या धर्मादाय दवाखान्यात येऊन ऑपरेशनं करायचे. काकूंचा नंबर दोनदा हुकला होता, एकदा खोकल्यामुळे, एकदा रक्तदाबामुळे. हा तिसरा. सकाळी साडेआठला तिथे हजर राहायचं होतं, आणि डिझेल नाही म्हणून एसटीची पहिली गाडी दहाला सुटत होती. "मी नेते की काकू," असं मीच पुढे होऊन म्हटलं होतं.

साडेचारला अण्णा आले. पायरीवर चपला काढताना त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"काय झालं?"

"अण्णा, गाडीत पेट्रोल नाही."

"रविवारी होतं."

"हो."

 ते गाडीकडे बघत म्हणाले, "कुठून गळतंय का?"

आज वाटतं, ते मला दार उघडून देत होते. की माझी परीक्षा घेत होते? अण्णांचं सांगता येत नाही. 'गळत असेल' हे शब्द माझ्या अगदी दातांपर्यंत आले होते.

"गळत नाही," मी म्हटलं. "मी जाळलं. मिठूला झोपवायला. पुलापर्यंत न्यायची, परत आणायची."

"तिन्ही दिवस?"

"तिन्ही दिवस. त्याआधीही. महिनाभर."

अण्णा एसटीत बत्तीस वर्षं ड्रायव्हर होते. एसटीत प्रत्येक ड्रायव्हरचा हिशोब असतो, दहा लिटर डिझेलमध्ये त्याने किती किलोमीटर गाडी काढली याचा, आणि चांगल्या ड्रायव्हरांची नावं डेपोतल्या फळ्यावर लागतात. अण्णांचं नाव त्या फळ्यावर वर्षानुवर्षं होतं. दुकानापाशी कुणी उगाच इंजिन चालू ठेवून गप्पा मारत उभा राहिला, तर हा माणूस जाऊन त्याला नमस्कार करायचा आणि नुसता उभा राहायचा, तो बंद करीपर्यंत. मी मान खाली घालून वाट बघत होते.

"झोपली का आज?" अण्णांनी विचारलं.

"दीड तास."

"मग अगदीच फुकट नाही गेलं." त्यांनी पाय धुतले, टॉवेलने पुसले. "पण द्वारकाताईला हे तू सांगायचंस. मी नाही सांगणार."

काकू त्यांच्या पडवीत पाय पसरून बसल्या होत्या. मांडीवर गोधडी, हातात सुई. दिसत नव्हतं, तरी बोटाने आधीचा टाका चाचपून पुढचा घालत होत्या. मी मिठूला कडेवर घेऊन समोर बसले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं.

काकूंची सुई थांबली. "म्हणजे माझा डोळा तुझी लेक झोपेत पिऊन बसली म्हण की."

मला रडूच फुटलं.

"रडू नको, ती पण सुरू करेल. आधीच तिचा आवाज बाजारपेठेपर्यंत जातो." काकूंनी सुई गोधडीत खोचून ठेवली. "ह्या आळीत अकरा दुचाक्या आहेत. आवाजावरून मोजल्यात मी. सगळ्यांच्या टाक्या काय कोरड्या नसतील. उठ आणि मागायला लाग."

"सांगते सगळ्यांना. काकूंच्या डोळ्यासाठी म्हटलं की कुणी नाही म्हणणार नाही."

"तेच नाही सांगायचं." काकूंचा न दिसणारा डोळा माझ्यावर बरोबर रोखला होता. "माझ्या डोळ्यासाठी म्हटलंस की सगळे देतील, आणि वर म्हणतील, बघा पोर म्हातारीसाठी कशी वणवणतेय. तू चांगली ठरशील. खरं काय ते सांग. मिठूच्या झोपेत संपलं म्हणून सांग. डोळ्याचं मागाहून."

असल्या कामाला निघाले होते मी, त्या संध्याकाळी, कडेवर पोर आणि हातात रिकाम्या बाटल्यांची पिशवी घेऊन.

पहिलं घर पाध्ये मास्तरांचं. मास्तर ऐकून इतके हसले की त्यांना ठसका लागला. "बाळ झोपवायला मोटार? अहो, आमच्या वेळी—"

"हसू नका," आतून पाध्येकाकू आल्या. "तुम्ही दूध आणायला फटफटी काढता. दोनशे पावलांवर डेअरी. तिची पोर निदान झोपते तरी. दूध काय झोपतं?"

मास्तरांचं हसू विरलं. ते निमूटपणे फटफटीपाशी उकिडवे बसले आणि नळी काढून बाटली भरू लागले. "चालत गेलं की गुडघे दुखतात," ते मला हळूच म्हणाले.

"फटफटीला किक मारताना नाही दुखत," पाध्येकाकू दारातून म्हणाल्या.

सुवर्णावहिनींनी स्कूटरची टाकी उघडली आणि आजूबाजूला बघून कुजबुजल्या, "मी रोज संध्याकाळी बहिणीकडे जाते सांगून निघते ना, ते नुसती वारं खायला. कुठे जातच नाही. कुणाला बोलू नको हं." मी कशाला बोलतेय. जिथे जावं तिथे माझी कबुली ऐकून समोरच्याला स्वतःचं काहीतरी आठवत होतं. कुणी कपडे बदलून येईपर्यंत इंजिन चालू ठेवणारा, कुणी विडीच्या बंडलासाठी स्टँडपर्यंत जाणारा. टाक्या मात्र सगळ्यांच्याच तळाला गेलेल्या. अर्धी बाटली, पाव बाटली. एकाने कोकम सरबताच्या बाटलीत दिलं, त्या बाटलीला दोन्ही वास येत होते.

अण्णांनी फडक्यातून गाळून सगळं टाकीत ओतलं. "आधीचं धरून अडीच लिटर," ते म्हणाले. "पंचेचाळीस किलोमीटर. दोन चढ. उद्या बघू."

सकाळी पावणेसातला निघायच्या आधी अण्णांनी गाडी हलकी करायला घेतली. मागची बाबागाडी काढली. दोन छत्र्या, पाण्याचा कॅन, योगेशचे क्रिकेटचे बूट, सगळं ओसरीवर. चाकांत हवा पंपाने मारली. काकू काठी टेकत आल्या तेव्हा त्यांच्या काखेत भलंमोठं बोचकं होतं.

"ह्यात काय, द्वारकाताई?"

"गोधडी. दवाखान्याच्या चादरीत मला झोप येत नाही."

"किती वजन असेल?"

"तुझ्यापेक्षा कमी आहे, महादेवा. तूच घरी राहा."

अण्णांना घरी राहता येत नव्हतं. गुडघ्यामुळे क्लच दाबला जात नाही म्हणून त्यांनी गाडी चालवणं सोडलं होतं, पण माझ्या अडीच लिटरवर त्यांचा भरवसा नव्हता. गोधडी पुढे काकूंच्या मांडीवर गेली, अण्णा मागे मिठूशेजारी बसले. मिठू आळीच्या टोकापर्यंत झोपून गेली. तिला काय, रोजचंच.

"दुसरा सोड, तिसरा टाक," मागून सुरू झालं. "इंजिनाला ओरडायला लावू नको. आता चौथा. हां. पायाखाली मिठूचं बोट आहे असं समजून दाब."

मी तसं समजले. आणि खरंच, पाय आपोआप हलका झाला.

"समोर म्हशी दिसतात ना? मग आत्ताच पाय उचल. शेवटपर्यंत पळवायचं आणि मग ब्रेक दाबायचा, म्हणजे शिजवलेला भात उकिरड्यावर."

"अण्णा, एसी लावू का? काकूंना घाम आलाय."

"काच खाली कर."

"माझ्या अंबाड्यात धुरळा जातोय रे," काकू म्हणाल्या.

"डोळा चांगला झाला की काढा एकेक कण."

उतार लागला तेव्हा माझा हात सवयीने गिअर काढायला गेला. "नाही," अण्णांचा आवाज एकदम वेगळा झाला. "उतारावर गिअर काढणारा ड्रायव्हर डिझेल वाचवतो आणि माणसं घालवतो. गिअरमध्येच ठेव. फक्त पाय काढ." तेवढं सांगून ते पुन्हा मिठूची टोपी सारखी करू लागले.

पहिला चढ निघाला. पिवळा दिवा लागलेलाच होता, पण काकूंना तो दिसत नव्हता आणि मी बघत नव्हते. दुसरा चढ लांब, नागमोडी. मी वेग धरून ठेवला होता, अण्णांनी सांगितलं तसा, ना कमी ना जास्त. निम्म्यावर, ऐन वळणात, एका माणसाने हात वर केला.

चांगला आडव्या अंगाचा माणूस. खांद्यावर पिशवी, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. मी मान हलवून 'जागा नाही' अशी खूण केली.

"थांबव," अण्णा म्हणाले.

"अण्णा, चढ आहे."

"दिसतंय मला."

"थांबवली तर पहिल्यावरून उचलावी लागेल. एवढं पेट्रोल—"

"दर्शना, थांबव."

मी थांबवली.  तो माणूस धापा टाकत आला. राजाराम गुरव त्याचं नाव. लेकीला काल संध्याकाळी रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यात नेलं होतं, पहिलं बाळंतपण. बायको तिच्याबरोबर गेली, हा मागे राहिला. उजाडायच्या आत चालायला लागला होता, वाटेत काही मिळेल म्हणून. काही मिळालं नव्हतं. सहा गाड्या पुढे गेल्या, असं तो तक्रारीने नाही, मोजून सांगावं तसं म्हणाला.

अण्णा सरकले. गाडीची मागची बाजू खाली बसली.

"गोधडी जड होत होती," काकू समोर बघत म्हणाल्या. "हा कापूस आहे वाटतं."

राजारामला काही कळलं नाही. अण्णा खिडकीबाहेर बघू लागले.

मी हँडब्रेक धरून, अंदाज घेत, गाडी उचलली. पहिला गिअर असा काही कण्हला, की मला घोट घोट आत जाताना ऐकू येत होता. मनात म्हटलं, गेला. काकूंचा डोळा गेला. एका अनोळखी माणसासाठी.

शहर लागलं, जेलनाका गेला, सव्वाआठ झाले. दवाखाना दीड-दोन किलोमीटरवर असताना गाडीने दोन आचके दिले आणि ती शांत झाली. त्या शांततेत मिठूने डोळे उघडले. दोन्ही. मग तोंड.

"संपलं?" काकूंनी विचारलं.

"संपलं, काकू."

संपामुळे रस्त्यावर एकही रिक्षा नव्हती. काकूंनी गोधडीवर दोन्ही हात पालथे ठेवले. तिसऱ्यांदा हुकणार हे त्यांना कळलं होतं, आणि तेवढ्या वाटेत पहिल्यांदाच त्यांना टोमणा सुचला नाही.

राजाराम उतरला. गाडीच्या मागे गेला, एकट्याने ढकलून ती रस्त्याच्या कडेला लावली. मग पुढचं दार उघडून गोधडीचं बोचकं त्याने स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि दुसरा हात काकूंपुढे केला. "चला आजी. दीड किलोमीटर काय, मी अकरा चाललोय. धरा घट्ट."

"तुमची मुलगी?" मी विचारलं.

"तिच्याजवळ तिची आई आहे. ह्यांना पोहोचवतो आणि जातो."

आमची ती वरात मी विसरू शकत नाही. पुढे राजाराम आणि काकू, मध्ये मी, माझ्या खांद्यावर रुग्णवाहिकेच्या भोंग्यासारखी ओरडणारी मिठू, मागे लंगडत अण्णा. लोक खरोखर वाट देत होते. काकू चालता चालता विचारत होत्या, "काय दिसतंय रे? सांग की. समुद्र दिसतो का?" आणि राजाराम सांगत होता, "समुद्र नाही आजी, कापडाचं दुकान आहे. लाल साड्या लावल्यात."

पावणेनऊला आम्ही दवाखान्याच्या खिडकीशी पोहोचलो. खिडकीतल्या सिस्टरने घड्याळाकडे बघितलं, मग आमच्याकडे, मग मिठूकडे.

"उशीर झालाय," मी म्हटलं. "चूक माझी आहे. काकूंची नाही."

"डॉक्टरच अजून यायचेत," ती म्हणाली. "एरवी ते आणि त्यांची माणसं तीन गाड्यांनी येतात. आज एकीतच पाचजण कोंबून निघालेत, आंबा घाटापर्यंत आलेत म्हणे. आजींना आत आणा. आणि ह्या बाळाला आधी काहीतरी पाजा."

राजारामने गोधडी खाटेवर ठेवली, काकूंना नमस्कार केला आणि मी आभार मानायच्या आत निघूनही गेला.

अकराला काकूंना आत नेलं. मी आणि अण्णा बाहेरच्या बाकावर. मिठू पिऊन, माझ्या खांद्यावर पेंगत होती. बराच वेळ गेल्यावर मी म्हटलं, "अण्णा, तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं ना?"

"बॉनेटवर हात ठेवला की कळतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर गाडी थांबली असती. पोर थांबली नसती." ते आपल्या गुडघ्यावर हात फिरवत होते. "मी तिकडे वाचनालयात दोन तास पेपर चाळायचो. तीच मांडीवर घेतली असती तरी चाललं असतं. ते माझ्या डोक्यातच आलं नाही. डिझेल वाचवायचं तेवढं कळतं मला."

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत योगेशलाही कधी सांगितली नव्हती.

"नाव फळ्यावर पहिलं यायला लागलं ना, की नशा चढते. मला चढली होती. एकदा घाटात, चढावर, एक बाई उभी. कडेवर पोरगं, हात वर केलेला. थांबा नव्हता तिथे. थांबलो असतो तर पहिल्यावरून गाडी काढावी लागली असती. भरलेली गाडी. पेलाभर डिझेल गेलं असतं. मी नाही थांबलो. आरशात बघितलं, तिने हात खाली घेतला नव्हता. गाडी वळेपर्यंत वरच होता."

"मग? काय झालं तिचं?"

"कुणास ठाऊक. चालत गेली असेल. दुसरी गाडी मिळाली असेल. त्या महिन्यात माझा पहिला नंबर आला. सगळा डेपो फळ्यापाशी जमला होता. मी गेलो नाही बघायला." अण्णांनी मिठूचा लोंबकळणारा पाय हातात घेतला, तळव्याला अंगठा लावला. "टाकीत असतं तोवर ते आपलंच वाटतं. तुला वाटलं, मलाही वाटलं. तू उधळलंस, मी राखलं. ते कुणाच्या वाटचं आहे, ते दोघांनीही बघितलं नाही."

मी मिठूला अलगद त्यांच्या मांडीवर ठेवलं. 

गाडी कोरडी, एसटी भरलेल्या, म्हणून ती रात्र आम्ही दवाखान्याच्या धर्मशाळेतच काढली. मिठूने धर्मशाळेतल्या एकूण एक माणसाला आपली ओळख करून दिली. सकाळी, टँकर सुटले अशी बातमी आली आणि अण्णा धर्मशाळेतला एक कॅन मागून घेऊन पंपाच्या रांगेत गेले. मी मिठूला घेऊन काकूंच्या खाटेशी गेले तेव्हा सिस्टर पट्टी सोडत होती.

काकूंनी डोळा उघडला. आधी खिडकीकडे बघितलं, मग स्वतःच्या बोटांकडे, उलटसुलट करून. मग गोधडी ओढून जवळ घेतली.

"हा वाकडा टाका कुणी घातलाय?"

"तुम्हीच, काकू."

"उसवायला हवा." मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि बघतच राहिल्या. "दर्शना? अगं, हा काय अवतार केलायस? लग्नात बघितली तेव्हा कशी गोबरी होतीस. डोळ्यांखाली काय काजळ सांडलंय?"

"झोप नाही, काकू."

"आण इकडे तिला."

मी जरा घुटमळले. सिस्टर काकूंना काळा चष्मा चढवत म्हणाली, "आजी, वजन उचलायचं नाही."

"उचलतेय कोण? ठेवून घेते." काकूंनी खाटेवर पाय लांब केले, त्यावर गोधडीची चौघडी टाकली. "सहा महिने भिंतीपलीकडून हिचं रडणं ऐकतेय. दहादा वाटलं, मागावी. पण दिसत नव्हतं. हातातून पडली असती म्हणजे?" मी मिठूला त्यांच्या पायांवर निजवलं आणि काकू पाय हलवू लागल्या, डावीकडे, उजवीकडे, एका लयीत. "रोज दुपारी दोनला आणून टाकायची माझ्याकडे. मला पेट्रोल लागत नाही. चहा लागतो, तो अण्णा करेल."

मिठू झोपली नाही. तिने काकूंच्या काळ्या चष्म्याकडे टक लावली होती, आणि काकूंनी चष्म्याआडून तिच्याकडे. रडतही नव्हती. मी खाली बसून खाटेच्या पायाला जरा टेकले, काकूंना हो म्हणायला तोंड उघडलं, आणि त्यापुढचं मला आठवत नाही.

पुष्कळ वेळाने, कुठूनतरी लांबून, कॅन फरशीवर ठेवल्याचा आवाज आला. मग अण्णांचा. "मिळालं. पाच लिटर. दर्शना, चल—"

"हळू बोल, महादेवा," काकू म्हणाल्या. "आत्ता कुठे झोपलीय."

"कोण, मिठू?"

"मिठू कसली. ती बघ कशी टकाटका बघतेय. दुसरी."